दुसऱ्याच्या हातून तोच कर्नल

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बिल्ड करणं आमच्या धंद्यात फार मोठं काम मानत नाहीत. सोर्स आणा, कॉन्फिग ठेवा, मेक मारा, जेवून या. पंचाईत होते ती वर्षभराने, जेव्हा दुसऱ्या कुणाला तरी तोच कर्नल पुन्हा बनवायचा असतो. मागच्या वर्षी ते काम माझ्याकडे आलं: आमच्या मशीनवरचा रिअल-टाइम कर्नल कसा बनतो आणि डेब पॅकेज (उबुंटू-डेबियनवर इन्स्टॉल होणारी फाइल) होऊन कस्टमरकडे कसा जातो, ते असं लिहून काढायचं की माझ्याशिवाय कुणालाही जमलं पाहिजे.

मरोळच्या एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. खाली शॉप फ्लोअर, वर पोटमाळ्यावर आम्ही सॉफ्टवेअरवाले. पाऊच पॅकिंगची मशीन बनवतो. मसाला, शाम्पू, चहापत्ती, जे काही पुडीत भरता येतं ते सगळं. मशीनमधल्या सर्व्हो मोटर इथरकॅट या औद्योगिक नेटवर्कवरून एका इंडस्ट्रियल पीसीला जोडलेल्या असतात आणि पीसीवर लिनक्स चालतं. दर मिलीसेकंदाला पीसीने सगळ्या ड्राइव्हना नवी पोझिशन द्यायची, हा नियम. पीसीला उशीर झाला की ड्राइव्ह सिंक सुटल्याची एरर देऊन थांबतो, सीलिंगचे जबडे फिल्मवर भलतीकडेच बसतात आणि खालून फोरमनची हाक येते.

साध्या कर्नलवर हे महिनाभर बिनबोभाट चालेल, आणि मग एखाद्या दुपारी कुणी पेन ड्राइव्हवर मोठी लॉग फाइल कॉपी करायला घेतली की बसेल. आरटी, म्हणजे रिअल-टाइम, कर्नल काही साध्यापेक्षा जलद नसतो. एकूण कामाचा उरक कधीकधी थोडा कमीच भरतो. त्याची हमी वेगळी आहे: सर्वांत महत्त्वाच्या थ्रेडला ठरल्या वेळेच्या आत सीपीयू मिळणार. त्यासाठी इंटरप्ट हँडलर थ्रेड होतात, म्हणजे त्यांनाही प्रायोरिटी लावता येते. बहुतेक स्पिनलॉकच्या (सीपीयू अडवून वाट बघायला लावणाऱ्या लॉकच्या) जागी झोपू शकणारे लॉक येतात, आणि त्या लॉकमध्ये प्रायोरिटी इन्हेरिटन्स असतं, म्हणजे लॉक धरून बसलेल्या कामाला वाट बघणाऱ्याची प्रायोरिटी तात्पुरती मिळते. ही शेवटची गोष्ट मी नव्या मुलांना मंगळावरचं उदाहरण देऊन सांगते. १९९७ साली नासाचं पाथफाइंडर मंगळावर उतरलं आणि काही दिवसांत त्यातला कॉम्प्युटर आपोआप रीसेट होऊ लागला. हवामानाचं एक कमी प्रायोरिटीचं काम लॉक धरून बसायचं, मधल्या प्रायोरिटीचं काम त्याला ढकलून पुढे जायचं, आणि सगळ्यांत वरचं काम त्या लॉकची वाट बघत राहायचं. वॉचडॉगला वाटायचं, सगळं अडकलं, करा रीसेट. त्यावर व्हीएक्सवर्क्स ही रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम होती; इन्हेरिटन्सची सोय तिच्यात होतीच, फक्त बंद होती. ती पृथ्वीवरून चालू केली आणि प्रश्न मिटला. एक बिट, पण तो बंद का आहे आणि चालू केला तर काय होईल हे कुणाला तरी माहीत असावं लागतं. कॉन्फिगच्या प्रत्येक ओळीशेजारी कारण लिहायचा हट्ट मी धरला, तो अशाच गोष्टींमुळे.

कामाला सुरुवात करताना माझ्याकडे होतं काय? आधीच्या इंजिनिअरने नोकरी सोडताना ठेवलेल्या डेब फाइल आणि एक टेक्स्ट फाइल. ती टेक्स्ट फाइल म्हणजे त्याच्या टर्मिनलची हिस्टरी होती, जशीच्या तशी. मधेच सीडी, मधेच एलएस, एकदा चुकून टाइप झालेला पासवर्डसुद्धा. कमांड सगळ्या बरोबर होत्या. पण कुठली गरजेची, कुठली त्या दिवशी वैतागून मारलेली, हे कळायला मार्ग नव्हता.

आमची जुनी मशीनं उबुंटू २२.०४ वर आहेत, म्हणजे ५.१५ मालिकेचा कर्नल आणि त्यावर आरटी पॅच, म्हणजे मूळ सोर्सवर चढवायचे बदल. इथे पहिली गोष्ट लिहिली ती क्रमाची: आधी पॅच बघायचा, मग कर्नल. कर्नलच्या प्रत्येक छोट्या आवृत्तीसाठी आरटी पॅच निघत नाही, आणि पॅचवरचा आकडा आणि सोर्सवरचा आकडा शेवटच्या टिंबापर्यंत जुळला पाहिजे. लोक सवयीने ताजा कर्नल उतरवून घेतात आणि मग त्याला बसणारा पॅच शोधत फिरतात. दुसरं म्हणजे, नवा पॅच आला की जुना कर्नल डॉट ऑर्गवर ‘ओल्डर’ नावाच्या फोल्डरमध्ये सरकतो, त्यामुळे डॉक्युमेंटमध्ये दिलेली लिंक काही महिन्यांत आंधळी होते. म्हणून टार्बॉल (सोर्सची दाबलेली फाइल), पॅच आणि दोन्हींच्या सह्या आमच्याच सर्व्हरवर ठेवल्या आणि डॉक्युमेंटमध्ये तिथला पत्ता दिला. सही तपासण्याचीही एक गंमत आहे. कर्नलच्या टार्बॉलची सही दाबलेल्या फाइलवर केलेली नसते, उलगडलेल्या टारवर असते. दाबलेली एक्सझेड फाइल थेट जीपीजी या सही तपासणाऱ्या प्रोग्रामला दिली की ‘बॅड सिग्नेचर’ येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं फाइलच खराब. आधी उलगडायची, मग तपासायची. एका वाक्याचं काम, पण ते वाक्य नसेल तर माणूस ही पायरीच सोडून देतो.

मग कॉन्फिग. उबुंटूच्या चालू कर्नलचं कॉन्फिग बूट फोल्डरमधून उचलायचं आणि त्यावर आपले बदल करायचे, ही सर्वांची रीत. आरटीचा पर्याय मेन्यूत शोधून सापडत नाही, कारण आधी ‘एक्स्पर्ट’ चालू करावं लागतं. तोवर तो लपलेलाच असतो. मेन्यूकॉन्फिगमधून हिंडत बदल करणं मी डॉक्युमेंटमधून काढूनच टाकलं. मेन्यूत कोणी काय दाबलं याची नोंद राहत नाही. त्याऐवजी सोर्सबरोबर येणारी स्क्रिप्ट्स फोल्डरमधली ‘कॉन्फिग’ ही छोटी स्क्रिप्ट वापरली: एका ओळीत एक पर्याय चालू किंवा बंद, त्याच्या वर कॉमेंटमध्ये कारण. शेवटी ओल्डडेफकॉन्फिग, म्हणजे उरलेल्या नव्या पर्यायांना ठरलेली मूल्यं. ही स्क्रिप्ट बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये गेली आणि तिथून पुढे ‘तू कॉन्फिगमध्ये काय बदललंस’ या प्रश्नाला डिफ हे उत्तर झालं.

लोकलमॉडकॉन्फिगचा मोह मात्र टाळला. त्या क्षणी जी मॉड्यूल लोड झालेली आहेत तेवढीच तो ठेवतो, बाकी सगळी उडवतो. बिल्ड चटकन होतो, कबूल. पण बिल्ड करताना टचस्क्रीन जोडलेला नसेल तर टचस्क्रीनचा ड्रायव्हर गायब, आणि हे कळणार ते वापीला कस्टमरच्या दारात.

डॉक्युमेंटचा पहिला खर्डा झाल्यावर तो आमच्या ज्युनियरच्या हाती दिला. डिप्लोमा करून नुकताच लागलेला, डोंबिवलीहून येणारा मुलगा, कर्नल कधी बिल्ड न केलेला. त्याला कोरा पीसी दिला. नियम एकच: मी मागे खुर्ची टाकून बसेन, पण तोंड उघडणार नाही. तो मागे वळून बघेल तिथे माझ्या प्रिंटआउटवर लाल खूण.

पहिल्याच पानावर तो वळला.

“मॅडम, इथे लिहिलंय ‘कॉन्फिग नेहमीप्रमाणे घ्या’. नेहमीप्रमाणे म्हणजे कसं?”

बोलायचं नाही ठरलेलं, म्हणून नुसती मान हलवली आणि खूण केली. पुढे बिल्ड सुरू झाला आणि थोड्याच वेळात थांबला. स्क्रीनवर लाल अक्षरं: ‘नो रूल टू मेक टार्गेट’, पुढे डेबियन फोल्डरमधल्या कॅनॉनिकल-सर्ट्स फाइलचं नाव. उबुंटूच्या कॉन्फिगवरून बिल्ड करणाऱ्या प्रत्येकाला ही भेटतेच. उबुंटूवाले आपल्या कर्नलमध्ये आपली सर्टिफिकेटं घालतात आणि त्या फाइलचा पत्ता कॉन्फिगमध्ये असतो. मूळ कर्नलच्या सोर्समध्ये ती फाइल नसतेच. ट्रस्टेड कीज आणि रिव्होकेशन कीज या दोन्ही ठिकाणचा पत्ता रिकामा केला की झालं. हे जुन्या हिस्टरीत होतं, पण त्या दोन ओळी कशासाठी आहेत ते नसल्यामुळे मी त्या स्क्रिप्टच्या तळाशी, ओल्डडेफकॉन्फिगनंतर लिहिलेल्या एका वेगळ्या भागात ठेवल्या होत्या आणि पोराने तो भाग ‘ऐच्छिक’ समजून सोडला. आता त्या सर्वांत वर आहेत आणि शेजारी एररचा मजकूर जसाच्या तसा दिला आहे. शोधणारा माणूस एररच्याच शब्दांनी शोधतो.

त्याला सगळ्यात जास्त वेळ कुठे लागला असेल, तर बिल्ड संपल्यावर. मेक बाइनडेब-पीकेजी बिनचूक पार पडलं आणि सोर्स फोल्डरमध्ये डेब फाइल शोधत तो बराच वेळ बसला. प्रत्येक उपफोल्डर उघडून पाहिलं. फाइल वरच्या फोल्डरमध्ये पडलेल्या असतात, सोर्सच्या बाहेर. ज्याला माहीत आहे त्याला हे सांगण्यासारखंही वाटत नाही. मी तरी एवढी वर्षं कुणाला सांगितलेलं नव्हतं.

डीबग इन्फो बंद करायची सूचना त्याच दिवशी आली. उबुंटूच्या कॉन्फिगमध्ये ती चालू असते आणि बिल्डचा फोल्डर वीस जीबीच्या पुढे सहज जातो, वर एक अवाढव्य डीबीजी पॅकेज. त्या पीसीची डिस्क भरली होती.

आता ‘तोच कर्नल’ या मुद्द्याकडे. पोराने बनवलेलं पॅकेज आणि माझं, दोन्हींचा चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा आकडा) वेगळा आला. येणारच. कर्नल स्वतःमध्ये बिल्डची वेळ, बिल्ड करणाऱ्याचं युजरनेम आणि मशीनचं नाव कोरून ठेवतो. प्रॉक फोल्डरमधली व्हर्जन फाइल वाचली की दिसतं. या तिन्हींसाठी केबिल्डचे, म्हणजे कर्नलच्या बिल्ड यंत्रणेचे, व्हेरिएबल आहेत, ते स्क्रिप्टमध्ये पक्के केले. कंपायलर बदलला तर कोडही बदलतो, म्हणून बिल्ड डॉकरच्या बंदिस्त कंटेनरमधल्या २२.०४ मध्येच करायचा असं ठरवलं. नावाच्या शेवटी लागणारा बिल्डचा आकडाही आपोआप वाढत जातो, तोही आपण द्यायचा. एवढं करूनही मॉड्यूल जुळेनात. कारण मॉड्यूल साइनिंग: सोर्समध्ये किल्ली नसेल तर बिल्ड दर वेळी नवी किल्ली तयार करतो आणि सगळ्या मॉड्यूलवर तिची सही मारतो. किल्ली आम्ही एकदाच बनवून कुलूपबंद ठेवली. बाइटला बाइट जुळवणं हा थोडा अतिरेक होता, हे आमच्या शेठनी दोन-तीनदा सुचवलं. पण यामुळे एक भांडण कायमचं मिटलं. कस्टमरकडे मशीन अडकलं की ‘तुमचा बिल्ड वेगळा असेल’ हे वाक्य आता कुणी उच्चारू शकत नाही.

इथरकॅटचा भाग थोडक्यात सांगते. आम्ही वापरतो त्या मास्टरचे (ड्राइव्हना आज्ञा देणाऱ्या सॉफ्टवेअरचे) खास नेटवर्क ड्रायव्हर ठरावीक कर्नल आवृत्तीवर बेतलेले असतात, आणि मॉड्यूल लोड होताना आवृत्तीची अख्खी स्ट्रिंग जुळवली जाते. आरटी पॅच त्या स्ट्रिंगमध्ये स्वतःचं शेपूट जोडतो, आपण लोकलव्हर्जन दिलं की ते आणखी लांबतं. म्हणून ड्रायव्हरचं पॅकेज त्याच स्क्रिप्टमध्ये, त्याच हेडर पॅकेजवरून बनतं. वेगळं बनवायची मुभाच ठेवली नाही. नेटवर्क कार्डांबद्दलही एक ओळ आहे: कार्ड लॅमिंग्टन रोडवरून आणा नाहीतर ऑनलाइन मागवा, खोक्यावरचं नाव बघू नका, एलएसपीसीआय कमांडमध्ये दिसणारा आयडी डॉक्युमेंटमधल्या आयडीशी जुळवा. खोकं तेच आणि आतली चिप निराळी, हे सर्रास होतं.

चाचणीच्या प्रकरणाला मी सर्वांत जास्त पानं दिली. उशीर मोजणारा सायक्लिकटेस्ट चालवला की स्क्रीनवर प्रत्येक सीपीयूची एक ओळ येते: किमान, आत्ताचा, सरासरी, कमाल. नवा माणूस सरासरीकडे बघून खूश होतो. सरासरी आमच्या काही कामाची नाही; एक हजार मायक्रोसेकंदांच्या फेरीत एकदाच उशीर झाला तरी ड्राइव्ह थांबणार आहे. बघायचा तो शेवटचा कॉलम, आणि तोही मशीन निवांत असताना नाही. शेजारी मशीनवर ताण टाकणारा हॅकबेंच चालू पाहिजे, डिस्कवर मोठी कॉपी चालू पाहिजे, टचस्क्रीनवरचं पान कुणीतरी सरकवत बसलं पाहिजे, आणि हे रात्रभर. आमची मर्यादा शंभर मायक्रोसेकंद. कुठल्या लोडखाली मोजलं हे शेजारी लिहिलेलं नसेल तर तो रिपोर्ट स्वीकारायचा नाही, असं ठळक अक्षरांत छापलं आहे.

आणि आकडा फुगला तर लगेच कर्नलला दोष द्यायचा नाही. आधी हार्डवेअरचा उशीर शोधणारी एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट चालवायची. काही बोर्डांत बायोस मधेच सीपीयू आपल्या ताब्यात घेतं, कर्नलला न विचारता; त्या वेळात जगातला कुठलाही आरटी कर्नल काहीही करू शकत नाही. यूएसबीचा लेगसी सपोर्ट बंद करणं, सीपीयूला खोल झोपेत जाऊ न देणं, या गोष्टी बायोसमध्येच कराव्या लागतात. बायोसच्या स्क्रीनचे मोबाइलवर काढलेले फोटो डॉक्युमेंटमध्ये घातले, बाण काढून. दिसायला बेंगरूळ आहेत, पण दुसरा इलाज नव्हता. सिक्युअर बूटही तिथेच बंद करायचं, नाहीतर आपला सही नसलेला कर्नल ग्रबपाशीच (कर्नल सुरू करणाऱ्या बूटलोडरपाशीच) नाकारला जातो. सही करून चालू ठेवता येतं, हे मान्य. आमची मशीनं कुलूप लावलेल्या पॅनलमध्ये, इंटरनेटशिवाय असतात. किल्ल्या सांभाळायची आणखी एक जोखीम घ्यायची नाही असं आम्ही ठरवलं आणि ‘ठरवलं, कारण’ असं लिहून ठेवलं.

हे सगळं घेऊन मी सर्व्हिसच्या काकांकडे गेले. भिवंडी, वापी, सिल्वासा, जिथे मशीन तिथे पेन ड्राइव्ह घेऊन तेच जातात. त्यांनी डॉक्युमेंट चाळलं आणि परत दिलं.

“मॅडम, हे तुमच्यासाठी ठीक आहे. नवीन टाकलं आणि मशीन उठलंच नाही, तर मी काय करू? ते पहिलं लिहा. माझ्या मागे त्यांचा प्रॉडक्शन मॅनेजर उभा असतो.”

मग त्यांच्यासाठी वेगळं एक पान केलं, मराठीत, मोठ्या अक्षरांत, लॅमिनेट केलेलं. त्याची सुरुवात इन्स्टॉलपासून होत नाही, मागे कसं यायचं इथून होते. ग्रब अशा रीतीने ठेवला की नवा कर्नल फक्त पुढच्या एका बूटसाठी निवडला जातो. ग्रब-रीबूट ही कमांड नेमकी त्यासाठी आहे. नवा उठला नाही तर वीज बंद करून चालू करायची, जुना आपोआप येतो. उठला, चाचणी पास झाली, तरच तो कायमचा करायचा. जुनं पॅकेज काढायचं नाही, मात्र बूट पार्टिशनवर दोनच कर्नल ठेवायचे, नाहीतर तिथली जागा संपून बूटला लागणारी इनिटआरडी फाइल अर्धवट लिहिली जाते. शेवटी एप्टीला (पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामला) होल्ड लावायचं, म्हणजे कुणी उत्साहाने अपडेट केलं तरी आमचा कर्नल जागेवरच राहतो.

एका मोठ्या कस्टमरच्या आयटीवाल्यांनी सोर्सबद्दल विचारलं तेव्हा डॉक्युमेंटला आणखी एक कलम जोडलं. कर्नल जीपीएल या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली येतो. मशीनबरोबर बायनरी दिली की सोर्सही द्यावा लागतो, किंवा निदान तीन वर्षं टिकणारी लेखी हमी द्यावी लागते. आमच्याकडे टार्बॉल, पॅच, कॉन्फिगची स्क्रिप्ट आणि डॉकरफाइल आधीच एका फोल्डरमध्ये होती, त्यामुळे उत्तर त्याच संध्याकाळी गेलं.

मधल्या काळात जगही पुढे सरकलं. वीसेक वर्षं बाहेरून लावावा लागणारा आरटीचा भाग सप्टेंबर २०२४ मध्ये मूळ कर्नलमध्ये गेला. व्हिएन्नाच्या परिषदेत आरटीच्या कामाचा प्रमुख थॉमस ग्लाइक्सनर याने लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सच्या हातात तो भाग मूळ कर्नलमध्ये घेण्याची शेवटची विनंती छापून, सोनेरी कागदात गुंडाळून दिली होती. नोव्हेंबरमध्ये ६.१२ आला, आणि आता पॅच शोधायची कटकट नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये तर ६.१२ चं आरटी पॅकेज आयतंच मिळतं.

म्हणून नव्या मशीनसाठीचं प्रकरण अगदी छोटं आहे. त्यात पहिलंच वाक्य असं: स्वतः बिल्ड करू नका. डेबियनचं पॅकेज घ्या, सुरक्षेचे अपडेट त्यांचे लोक बघतात, आपल्याला ते झेपणार नाही. फक्त त्यावर इथरकॅटचा जेनेरिक ड्रायव्हर चालवावा लागतो, आणि तो नेहमीच्या नेटवर्क स्टॅकमधून जात असल्यामुळे खास ड्रायव्हरपेक्षा जास्त डगमगतो. सध्या खाली बेंचवर सहा ड्राइव्ह लावून त्याचीच रात्रभराची चाचणी चालू आहे. लोड ज्युनियरने लावलाय, रिपोर्टचा फॉर्मही त्यानेच केलाय. कमाल शंभरच्या आत राहिला तर जुनं प्रकरण फक्त जुन्या मशीनपुरतं उरेल. नाही राहिला तर ६.१२ साठी त्याच स्क्रिप्टची नवी शाखा काढायची, आणि या वेळी मागे खुर्ची टाकून तो बसणार आहे, कीबोर्डवर मी.